लिहिणाऱ्याने तालमीत बसावं

कथा परत येते तेव्हा संपादकाच्या पत्रात एक वाक्य हमखास असतं: संवाद कृत्रिम वाटतात. कादंबरीचं हस्तलिखित वाचून मित्र तेच जरा गोड करून सांगतो, 'तुझी सगळी माणसं तुझ्यासारखीच बोलतात रे.' मग लिहिणारा पुन्हा टेबलाशी बसतो आणि त्याच संवादांची डागडुजी करतो. दोन बोलीतले शब्द घालतो, एखादी शिवी घालतो, मधूनमधून 'अगं', 'अहो' पेरतो. तरी संवाद उठत नाहीत, कारण दुखणं शब्दांत नसतंच. ते पात्र त्या क्षणी कुठे उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, समोरच्या माणसाकडून त्याला काय हवं आहे, हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. नटाला हे ठरवल्याशिवाय विंगेतून पाऊल बाहेर टाकता येत नाही. म्हणून कथा, कादंबरी, आत्मकथन, ललित, जे काही तुम्ही लिहीत असाल, त्यासाठी नटाचा गृहपाठ शिकून घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. नट होण्याची गरज नाही. आवाज चांगला असण्याची किंवा सभाधीटपणाचीही गरज नाही. बराचसा अभ्यास दार लावून, एकट्याने करता येतो.

आपल्याकडचे किती लेखक कधी ना कधी प्रेक्षकांसमोर उभे राहिले होते, हे पाहिलं की या आग्रहामागचं कारण कळेल. गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते किर्लोस्करांच्या मंडळीत नट होते आणि तालीममास्तर म्हणूनही नावाजलेले होते. १८९९ सालच्या 'संगीत शारदा'त बायका-मुली ज्या साध्या, घरगुती मराठीत बोलतात, ती भाषा नटांकडून रोज वाक्यं घोटून घेणाऱ्या माणसाच्या कानातून आली आहे, असं मला ते नाटक वाचताना दर वेळी वाटतं. 'नटसम्राट' लिहिणाऱ्या शिरवाडकरांनी तरुणपणी 'सती सुलोचना' या चित्रपटात लक्ष्मणाची भूमिका केली होती. अण्णा भाऊ साठे अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात कामगारांच्या सभा गाजवत होते, आणि त्याच काळात कथा लिहीत होते. उघड्या मैदानात, दिवसभर राबून आलेल्या माणसांना धरून ठेवायचं तर निवेदनात रेंगाळून चालत नाही. त्यांची कथाही रेंगाळत नाही. दिलीप प्रभावळकरांनी 'हसवाफसवी'मध्ये सहा वेगवेगळी माणसं एकट्याने उभी केली, आणि त्याच लेखकाने 'अनुदिनी'मध्ये एकाच घरातल्या निरनिराळ्या पिढ्यांच्या रोजनिशीला निरनिराळा आवाज दिला. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका त्यातूनच आली. प्रत्येकाच्या अंगात शिरून पाहायची सवय असल्याशिवाय हे जमत नाही.

आता कामाचं बोलू.

लिहिलेलं मोठ्याने वाचा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो अर्धाच आहे. स्वतःचं लेखन स्वतः वाचताना आपण नकळत त्याला सांभाळून घेतो. वाक्य कुठे तोडायचं, जोर कुठल्या शब्दावर द्यायचा, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं आणि कागदावर नसलेला सूर आपण गळ्यातून पुरवतो. वाचकाजवळ तो गळा नसतो. म्हणून मजकूर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने तो आधी वाचलेला नसावा, आणि तुम्ही समजावून काहीही सांगू नये. नाटकवाले संहितेच्या पहिल्या वाचनाला असेच गोल करून बसतात. लेखक समोर असला तरी त्या दिवशी त्याचं काम ऐकण्याचं.

तुमच्याही हातात एक प्रत आणि पेन्सिल असू द्या. वाचणारा अडखळला, खूण करा. वाक्य संपण्याआधी त्याचा दम संपला, खूण करा. त्याने शब्द बदलून वाचला तिथे सगळ्यांत ठळक खूण करा. तुम्ही 'मला त्याविषयी काहीही कल्पना नव्हती' असं लिहिलंय आणि तो 'मला त्याची काही कल्पना नव्हती' असं बोलून गेला, तर बहुतेक वेळा त्याची जीभ बरोबर असते. मध्येच 'नाही, ते वाक्य जरा रागात आहे' असं सांगावंसं वाटेल. सांगू नका. तो राग वाक्यात यायला हवा होता आणि आला नाही, एवढं समासात टिपून ठेवा. वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि एक-दोन दिवस मध्ये जाऊ देऊन ऐका. तेव्हा मजकूर जवळजवळ परक्याचा वाटतो, आणि परक्याच्या मजकुरातले दोष आपल्याला पटापट दिसतात. संवादांपुढची नावं झाकूनही एकदा वाचून घ्या. कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर त्या माणसांना वेगळे आवाज अजून मिळालेलेच नाहीत.

हे झालं वाचेचं. शरीराचं काम अधिक अवघड आणि अधिक फळ देणारं आहे. चार्ल्स डिकन्सला तरुणपणी नट व्हायचं होतं. १८३२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरने त्याला परीक्षेसाठी वेळही दिली होती, पण नेमका त्या दिवशी तो आजारी पडला आणि ती संधी हुकली. तो कादंबरीकार झाला, तरी आतला नट गेला नाही. त्याची मुलगी मेमी हिने एक आठवण लिहून ठेवली आहे. आजारातून उठल्यावर तिला वडिलांच्या अभ्यासिकेत कोचावर निजायची परवानगी मिळाली होती. वडील भराभर लिहीत होते. अचानक ते उठले, आरशापाशी धावले, चेहरा नाना प्रकारे वाकडातिकडा केला आणि परत येऊन लिहायला लागले. पुन्हा उठले, पुन्हा आरसा. मग हलक्या आवाजात स्वतःशीच भराभर बोलू लागले, आणि पुन्हा टेबलाशी. मुलगी खोलीत आहे, हे ते विसरूनच गेले होते. डिकन्सची माणसं इतकी डोळ्यांपुढे का उभी राहतात, याचं उत्तर त्या खोलीत आहे. तो चेहऱ्याचं वर्णन कल्पनेने करत नव्हता. आधी तो चेहरा करत होता, आणि मग आपल्या स्नायूंना काय जाणवलं ते लिहीत होता.

तुम्हीही हे करून पाहा. गुडघे दुखणारी म्हातारी लिहायची असेल तर खुर्चीतून तिच्यासारखं उठा. हात आधी कुठे जातो? श्वास कधी सुटतो? उठता उठता ती बोलते, की पुरतं उठून झाल्यावर? बोलत असेल तर वाक्य मध्ये तुटतं का? ही निरीक्षणं टेबलाशी बसून सुचत नाहीत.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि आतल्या भावामुळे आपोआप प्रकटणारा. ही विभागणी लेखकाला फार उपयोगी पडते, कारण आपली सवय कुठे अडकली आहे ते तिच्यामुळे दिसतं. मराठी कथेत पात्राची ओळख बहुतेक वेळा आहार्यावरच संपते. जाड भिंगांचा चष्मा, मळकट सदरा, ठसठशीत कुंकू, गळ्यात शबनम, झालं पात्र उभं. ते माणूस चालतं कसं, दारात थबकतं की सरळ आत येतं, दुसऱ्याचं ऐकताना त्याची बोटं काय करतात, याविषयी ओळही नसते. सात्त्विकाकडे तर आपण फारच कमी वळतो. शास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणं, घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज बदलणं, कापरं भरणं, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळ्यांत पाणी येणं आणि भान हरपणं. आपल्या कथांमधून यातले अश्रू तेवढे भरभरून वाहतात. तुमच्या गेल्या काही कथा काढा आणि रडण्याच्या जागा मोजा. त्यातल्या निम्म्या ठिकाणी ते पात्र खरं तर थिजलं असतं, किंवा त्याचा आवाज बसला असता. कोणत्या माणसाला काय होईल हे ठरवताना ते माणूस तुम्हाला नव्याने कळू लागतं.

नटाच्या गृहपाठाचा गाभा मात्र याहून खोल आहे. रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने तो फार व्यवस्थित मांडला. के. नारायण काळे यांनी केलेला त्याच्या पुस्तकाचा अनुवाद 'अभिनय साधना' या नावाने मराठीत आहे, आणि कथालेखकाच्या टेबलावर तो असावा असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या दोन गोष्टी तरी घ्याच. पहिली, प्रसंगाची परिस्थिती नेमकी ठरवणं: हे माणूस आत्ता कुठून आलंय, किती वाजलेत, भूक लागलीय का, यानंतर त्याला कुठे जायचंय. दुसरी, त्याला या क्षणी समोरच्याकडून काय करून घ्यायचंय. हे उत्तर क्रियापदात द्यायचं. 'तो दुःखी आहे' हे उत्तर नटाच्या कामाचं नाही, कारण दुःखी असणं करता येत नाही. 'त्याला रजा मागायचीय', 'तिला विषय बदलायचाय', 'त्याला माफी वदवून घ्यायचीय' हे करता येतं.

एक प्रसंग घेऊन दाखवतो. आई गेल्यावर थोरल्या भावाने गावचं घर विकायला काढलं. धाकट्याला विचारलं नाही. दोघेही घर रिकामं करायला आलेत, स्वयंपाकघरात भांडी बांधताहेत. पहिल्या खर्ड्यात धाकटा म्हणतो:

'दादा, आई गेल्यापासून तू माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीस. हे घर विकायचा निर्णय तू एकट्याने घेतलास, मला एका शब्दानेही विचारलं नाहीस, याचं मला फार वाईट वाटलं.'

व्याकरणाने सगळं ठीक आहे. कथेची माहितीही पोचली. पण हा माणूस भांडी बांधतोय, त्याच्या भोवती आईच्या वस्तू आहेत, समोर वडीलकीचा मान असलेला भाऊ आहे, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. नटाच्या हाती हे वाक्य दिलं तर तो लगेच विचारेल, 'मी हे बोलतोय तेव्हा माझे हात काय करतायत? आणि हे आत्ताच का बोलतोय, सकाळी आलो तेव्हा का नाही बोललो?' हे प्रश्न स्वतःला विचारा. धाकट्याला काय हवंय? दादाने एकदा तरी कबूल करावं की चुकलं. दादाला काय हवंय? संध्याकाळच्या एसटीआधी काम उरकायचंय आणि हा विषय निघू द्यायचा नाही.

मग खरोखर एक परात हातात घ्या. पितळी असली तर उत्तम, नसली तर घरातली सगळ्यांत जड असेल ती. उभं राहून प्रसंग बोलून पाहा, आधी धाकट्याच्या बाजूने, मग दादाच्या. हातात वजन असलं की लांबलचक वाक्य तोंडातून निघत नाही. नजर भावाच्या चेहऱ्यावर जात नाही, परातीवर राहते. आईचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही. असं काही वेळा केल्यावर कागदावर साधारण हे उतरेल:

'ही परात कोण नेणार?'

'तुला हवी तर घे.'

'मला विचारतोयस?'

'मग आणखी कोणाला विचारू?'

'नाही, या वेळी विचारलंस म्हणून म्हटलं.'

घराचा उल्लेख नाही, आईचा नाही, वाईट वाटण्याचा नाही. तरी तिन्ही गोष्टी खोलीत आहेत. शिवाय आता दादाची पंचाईत झाली आहे. त्याला उत्तर देता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. दादाची भूमिका करताना इथे तुमचं शरीरच काहीतरी सुचवेल. दादा बहुधा सुतळी शोधायला उठेल. ते लिहा, आणि संवाद तिथेच थांबवा. नाटकवाले याला पॉज म्हणतात. पॉजमध्ये दोन्ही माणसांच्या मनात काय चाललंय हे नटाला ठाऊक असावं लागतं, नाहीतर तो पॉज पडतो. कागदावरही हाच नियम आहे. नुसती तीन टिंबं देऊन भागत नाही.

एक धोका आहे. हे सगळं केल्यावर काही लेखक प्रत्येक संवाद आडून-आडून लिहू लागतात. कोणीच कधी सरळ बोलत नाही, आणि वाचक कंटाळतो. माणसं सरळही बोलतात. खूप दाबून ठेवल्यावर, किंवा समोरचा परका असला तर. आगगाडीत भेटलेल्या अनोळखी माणसाला धाकटा तेच पहिल्या खर्ड्यातलं वाक्य सरळ सांगून टाकेल, आणि तिथे ते शोभेल.

हा अभ्यास मुख्य पात्रांपुरता ठेवू नका. हौशी नाटकात ज्याला एकाच वाक्याची भूमिका मिळते, तो नट घरी जाऊन त्या माणसाचा सगळा इतिहास रचतो: पोस्टमनला पायाला चप्पल चावतेय, या आळीत त्याला कुत्र्याची भीती आहे, आज शेवटचं टपाल वाटून झालं की सुट्टी आहे. प्रेक्षकाला यातलं काही सांगितलं जात नाही, पण त्याची एंट्री खरी होते. आपल्या कथांतले चहा आणून देणारे, रिक्षावाले, शेजारच्या काकू हे बहुतेक वेळा मजकूर पुढे ढकलण्यापुरते येतात. त्यांच्यासाठी दोन मिनिटं तरी नट व्हा. निवेदकासाठीही व्हा. प्रथमपुरुषी कादंबरीतला 'मी' ही पूर्ण लांबीची भूमिका असते. तो हे सगळं कोणाला सांगतोय, का सांगतोय, काय लपवतोय, हे ठरल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोलीतले संवाद सहज यावेत असं वाटत असेल तर दशावतार पाहा. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडण्याकडे गावोगावच्या जत्रांत रात्रभर नाटक चालतं, आणि पारंपरिक पद्धतीत नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी कोणतं आख्यान करायचं ते ठरतं, कथानक आणि प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि चेहरा रंगवता रंगवता प्रत्येक जण आपलं बोलणं मनात जुळवतो. रंगमंचावर समोरचा जे बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पुराणं, आख्यानं, गावच्या बोलीतले टोमणे असा मोठा साठा पाठीशी असतो म्हणून हे जमतं. तमाशातल्या वगातही सोंगाड्या असाच हजरजबाबी लागतो. 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडके चालू घडामोडींवर ऐनवेळी जे जोडत, त्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तो प्रयोग पाहायला जात.

लेखकाने यातून एक खेळ उचलावा. लिहिणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्या. प्रसंग ठरवा, कोणाला काय हवंय ते एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर लिहा, आणि दहा मिनिटं थांबायचं नाही असं ठरवून बोलत सुटा. ध्वनिमुद्रण चालू ठेवा. बहुतेक बोलणं टाकाऊ निघेल. पण त्यात दोन-चार जागी समोरच्याच्या उत्तराने तुम्ही खरोखर गडबडलेले असाल. तेवढ्याच जागा उतरवून घ्या. एकट्याने लिहिताना दोन्ही बाजू आपल्याच ताब्यात असतात, त्यामुळे आपली पात्रं गडबडत नाहीत, आणि संवाद ठरवून दिल्यासारखे वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

यापुढची पायरी म्हणजे स्वतःचं लेखन स्वतः लोकांसमोर सादर करणं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनासाठी महाराष्ट्र पालथा घातला. व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट घराघरांत गेल्या. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' पुस्तकातून उचलून एकट्याने रंगमंचावर नेली, आणि लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं एकट्याने रंगवली. तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. वाचनालयाच्या एखाद्या कार्यक्रमात, सोसायटीच्या गणपतीत, परदेशात असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात एक कथा सादर करा. पाठ करून केलीत तर उत्तम. कागद हातात असला की डोळे कागदावर राहतात आणि समोरचे चेहरे दिसत नाहीत. चेहरे दिसणं हाच तर सगळा लाभ आहे. माणसं खुर्चीत सरकू लागतात, खोकू लागतात, कोणी हळूच मोबाइल काढतं, तो परिच्छेद घरी आल्यावर काढून वाचा. तो बहुधा लांबलेला असतो, किंवा त्याआधीच सगळ्यांना सगळं कळून चुकलेलं असतं.

पण इथे सावध राहा. टाळी आणि हशा यांची ओढ लेखनावर फार लवकर चढते. एका वाक्याला हशा आला की पुढच्या कथेत तसंच वाक्य येतं, मग तसंच पात्र येतं, आणि ज्या जागी श्रोते शांत राहिले त्या जागा हळूहळू लिहायच्याच बंद होतात. शांतता दोन प्रकारची असते. कंटाळ्याची आणि गुंतल्याची. दुसऱ्या प्रकारात कोणी खोकत नाही. हा फरक ओळखायला शिका, आणि कार्यक्रमाच्या रात्री संहितेत काहीही बदलू नका. आठवडा जाऊ द्या.

शरीराचीही काळजी घ्या. डिकन्सने उतारवयात जाहीर वाचनाचे दौरे केले. १८६९ मध्ये त्याने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचायला घेतला. ऐकणारे हादरत आणि वाचणाराही. त्या काळात डॉक्टर वाचनाच्या आगेमागे त्याची नाडी पाहत. एरवी ७२ असलेली नाडी शंभराच्या कितीतरी वर जाई. त्याच वर्षी प्रकृती ढासळून दौरा मध्येच थांबवावा लागला, आणि जून १८७० मध्ये तो गेला. तुमच्या-माझ्या वाचनाने असं काही होणार नाही. पण स्वतःच्या आयुष्यातला आघात, घरातला हिंसाचार, जवळच्या माणसाचा मृत्यू असं काही तुम्ही लिहीत असाल आणि वर सांगितल्याप्रमाणे अंगात शिरून लिहीत असाल, तर बाहेर पडण्याची वाट आधी ठरवा. नट प्रयोगानंतर रंग उतरवतो, कपडे बदलतो, चहा घेतो, मगच घरी जातो. लेखक लॅपटॉप मिटतो आणि तसाच घरच्यांच्या जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. तसं करू नका. तोंड धुवा, एक चक्कर मारून या, कोणाशी तरी साध्या बाजारहाटाचं बोला. असे प्रसंग झोपण्याआधी लिहू नका. त्रास दिवसेंदिवस उतरत नसेल तर ते लेखन बाजूला ठेवून जाणत्या समुपदेशकाशी बोला.

आता राहिली तालीम, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी शाळा तीच आहे. नाटक बसताना पाहणं हे झालेलं नाटक पाहण्याहून लेखकाला कितीतरी जास्त शिकवतं. वाक्य तेच असतं, पण नट खिडकीशी उभा राहून बोलला तर एक अर्थ होतो, दाराशी उभा राहून बोलला तर दुसरा. दिग्दर्शक सांगतो, 'हे वाक्य तिला बोलू नकोस, पेपर वाचता वाचता बोल,' आणि अख्खं लग्न कळतं. चांगला नट किंवा दिग्दर्शक लेखकाकडे मागणीही करतो. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं नायिका बेणारे हिचं शेवटचं दीर्घ स्वगत आज या नाटकाची ओळख झालं आहे. ते लिहायला तेंडुलकर राजी नव्हते आणि दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून ते लिहिलं गेलं, ही हकीकत नाट्यवर्तुळात प्रसिद्ध आहे. नाटकभर जिचं बोलणं दाबलं जातं, तिला एकदा बोलायला मिळालं पाहिजे, ही निकड नाटक उभं करणाऱ्यांना आधी जाणवली.

तालमीत रिकामं बसू नका, प्रॉम्प्टिंग घ्या, म्हणजे नट अडला की ओळ सुचवा. हातात संहिता, नजर ओळीवर, कान नटाकडे. थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात येईल: नट विसरतात त्या जागा ठरलेल्या असतात. एखाद्या वाक्याला रोज अडतं, आणि नट बदलला तरी तिथेच अडतं. अशी जागा सापडली की तिच्या आधीचं वाक्य पाहा. बहुतेक वेळा आधीच्या वाक्यातून हे वाक्य निघतच नाही. लेखकाला काहीतरी सांगायचं होतं म्हणून ते तिथे ठेवलेलं असतं, पात्राला बोलायचं होतं म्हणून ते आलेलं नसतं. नटाची स्मरणशक्ती कारणांच्या साखळीने चालते, आणि कडी निसटली की तो उघडा पडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्वतःच्या कथेतल्या निसटलेल्या कड्या तुम्हाला टेबलाशी बसूनही दिसू लागतील. उलटही होतं. काही वाक्यं नटाला पहिल्याच दिवशी पाठ होतात, कोणी न घोकता. तीही उतरवून घ्या आणि ती तशी का आहेत, याचा विचार करा.

यासाठी मोठ्या शहरात राहावं लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्या प्राथमिक फेऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी होतात; त्यासाठी तालुक्या-तालुक्यांतली हौशी मंडळं दिवाळीच्या आगेमागे तालमी घेत असतात. पुण्यात १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांसाठी मुलं पावसाळ्यात रात्री उशिरापर्यंत कॉलेजात असतात. शाळेचा हॉल, समाजमंदिर, कोणाची तरी गच्ची, अशा जागी संध्याकाळी सातनंतर जाऊन चौकशी करा. आपण लेखक आहोत हे सांगण्याची घाई करू नका, नाहीतर लगेच संहिता दुरुस्त करून मागतील आणि तुमचं पाहणं राहून जाईल. प्रॉम्प्टिंगला कोणी हवंय का, एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी हवंच असतं.